परकीय मदत आणि हापशाचं यू-सील

प्रश्न थोडक्यात असा आहे: 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड, म्हणजे आपली परकीय मदत देणारी सरकारी संस्था, गुंडाळली, त्यावरून एम.ए.च्या वर्गात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, मदतीनेच आफ्रिकेला पंगू केलं, बंद झाली ते बरंच झालं. दुसऱ्याचं म्हणणं, मदत थांबली तर माणसं मरतील. तर मग परकीय मदतीने गरीब देशाची अर्थव्यवस्था खरंच वाढते का? भारताला तिचा उपयोग झाला का? आणि भारताने आता दुसऱ्यांना मदत द्यावी का?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे उत्तर किती मनावर घ्यायचं हे तुम्हाला ठरवता येईल. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चौदा वर्षं आणि नंतर आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी या देशात, परदेशी पैशावर चालणाऱ्या बोअरच्या प्रकल्पांत अकरा वर्षं काढली. थोडक्यात, आयुष्यभर हापसे बसवले आणि बंद पडलेले हापसे मोजले. त्यामुळे माझं उत्तर जरा हापशाच्या उंचीवरूनच येणार.

तुमच्या वर्गातले दोघं भांडताहेत खरे, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. मलावीचंच बघा. 1990 मध्ये तिथे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 240 च्या आसपास मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत. 2020 पर्यंत हा आकडा 40 च्या जवळ आला. एड्समुळे सरासरी आयुर्मान 2000 च्या सुमारास 45 च्या आसपास घसरलं होतं, ते आज साठीच्या पुढे आहे. लसी, मच्छरदाण्या, एचआयव्हीच्या गोळ्या, यातला बहुतेक पैसा बाहेरचा. आता त्याच काळातलं दरडोई उत्पन्न बघा: जेमतेम हललं. सर्वांत गरीब देशांच्या यादीत मलावी तेव्हाही तळाशी होता, आजही तळाशीच आहे. म्हणजे दुसरा मित्र जिवांबद्दल बोलतोय आणि बरोबर बोलतोय. पहिला उत्पन्नाबद्दल बोलतोय, त्याचंही निम्मं खरं आहे. ‘पंगू केलं’ हे मात्र त्याला सिद्ध करावं लागेल.

शिवाय ‘मदत’ हा एकच शब्द आपण फार गोष्टींना लावतो. दुष्काळातलं धान्य, गोवराची लस, धरणासाठी सवलतीचं कर्ज, सल्लागाराचा पगार, सगळं एकाच रकान्यात. शीतयुद्धात झैरेच्या (आजच्या काँगोच्या) मोबुतू या हुकूमशहाला पोसायला दिलेले डॉलरही मदतच. त्या पैशाने झैरेची अर्थव्यवस्था का वाढली नाही असं विचारण्यात काही अर्थ नाही. तो पैसा त्यासाठी दिलाच नव्हता.

आकडेवारीवरून निकाल लावायचे प्रयत्न पुष्कळ झाले. 2000 मध्ये क्रेग बर्नसाइड आणि डेव्हिड डॉलर या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की, देशाची धोरणं नीट असतील तर मदतीने वाढ होते. चार वर्षांनी विल्यम ईस्टर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच हिशेबात आणखी आकडे घातले आणि तो निष्कर्ष टिकेना. 2008 मध्ये आपल्या रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांना मदत आणि वाढ यांच्यात कुठलाच ठाम संबंध सापडला नाही. नंतर काहींनी जास्त लांबचा काळ धरला, तेव्हा थोडा चांगला परिणाम दिसला. या सगळ्यात अडचण कुठे आहे ते आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. ज्या तालुक्यात टँकर जास्त फिरतात त्याच तालुक्यात पाणी कमी असतं. नुसत्या आकड्यांवरून पाहणाऱ्याला वाटेल की टँकरमुळेच विहिरी आटतात. मदतीचंही तसंच, जिथे हाल जास्त तिथे ती जास्त जाते. हे गुंतलेलं सूत सोडवायच्या युक्त्या आहेत, पण कुठलीच पूर्ण समाधान करत नाही. म्हणून मी तुम्हाला एक यंत्र दाखवतो.

1966-67 च्या दुष्काळानंतर युनिसेफ आणि काही मिशनरी संस्थांनी भारतात खडकात भराभर बोअर घेणारी यंत्रं आणली. बोअर झाले, त्यावर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हातपंप बसले. हे पंप म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांवरच्या पंपांच्या नकला. एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या काढायच्या, त्यासाठी बनवलेले. आपल्याकडे त्यांच्यापुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत घागरींची रांग. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद होते. मदत तिथेच थांबली असती तर ‘परकीय मदत फसली’ या प्रकरणात आपलंही नाव लागलं असतं.

पण जालना आणि सोलापूरला मिशनच्या कार्यशाळांमध्ये लोक त्याच मोडक्या पंपांशी झटत होते. त्यांनी बीड सोडून पोलाद घेतलं, दांड्याला बेअरिंग दिलं, दांडा आणि आतल्या सळईच्या मध्ये साखळी घातली. आधी जालना पंप, मग सोलापूर पंप. त्यावर युनिसेफ आणि भारतातल्या अभियंत्यांनी काम केलं आणि त्यातून ‘इंडिया मार्क टू’ निघाला. आपल्या शाळेसमोर, मारुतीच्या पारावर जो असतो तोच. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही, भारतीय मानक ठरलं, ‘आयएस 9301’. त्यामुळे कुठल्याही कारखान्याचा सुटा भाग कुठल्याही पंपाला बसायला लागला. आमच्या पंचायत समितीचं दुरुस्ती पथक एका जीपमध्ये साखळी, बेअरिंग आणि कप वॉशर घेऊन निघायचं आणि दिवसात चार-पाच गावं उरकायचं. समोरचा हापसा कुणी कधी बसवला हे पथकाला माहीत असायची गरजच नव्हती. आज तो पंप आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत उभा आहे.

यात परकीय मदतीचा वाटा किती? बोअरची यंत्रं, चाचण्यांचा खर्च, काही तज्ज्ञ. वेळेवर आले आणि उपयोगी पडले. पण पोलाद इथलं होतं, लेथवर काम करणारे इथले होते, मेकॅनिकचा पगार इथल्या करातून निघत होता. मदत एका चालत्या गाड्यावर चढली. ती नसती तर गाडा कदाचित दहा वर्षं उशिरा पोचला असता.

आता मलावी. तिथे मानक पंप आहे ‘अफ्रिदेव’. खरं तर तो मार्क टूपेक्षा सोपा. एका पान्याने उघडतो, आतलं यू-सील, म्हणजे रबरी कडं, आणि बुश, म्हणजे दांड्याच्या सांध्यातला छोटा तुकडा, गावातल्या बायकाही बदलू शकतात, आणि बदलतातही. कागदावर निर्दोष. तरी आफ्रिकेत कुठल्याही एका दिवशी फिरून बघितलं तर दर तीन हापशांमागे साधारण एक बंद सापडायचा.

मलावीतल्या सलिमा जिल्ह्याच्या एका गावातला प्रसंग सांगतो. हापसा तीन आठवडे बंद. बायका दीड किलोमीटरवरच्या डबक्यावरून पाणी आणत होत्या. पाणी समितीच्या अध्यक्ष बाईंनी कुलूपबंद पत्र्याची पेटी माझ्यासमोर उघडली. आत क्वाचाच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, नोटा, रबरबँड लावून, घराघराची वर्गणी वहीत लिहिलेली. पैसे होते, पान्याचं प्रशिक्षण झालेलं होतं, फक्त यू-सील नव्हतं. त्यांचा मुलगा भाड्याच्या सायकलच्या मागे बसून बोमाला, म्हणजे जिल्ह्याच्या गावाला, दोनदा जाऊन आला होता. दुकानदार म्हणाला, हल्ली ठेवत नाही.

मी दुकानदाराला गाठलं. तो जुना माणूस, पूर्वी सुटे भाग ठेवायचा. त्याने मला शांतपणे सांगितलं, ‘तुमच्याच गाडीतून गेल्या वर्षी गावोगाव फुकट पेट्या वाटल्या. माझा माल वर्षभर पडून राहिला. आता पुन्हा पैसे कोण अडकवणार?’

त्या पेट्यांच्या यादीवर सही माझी होती. प्रकल्पाच्या अहवालात ती ओळ फार चांगली दिसली होती: इतक्या गावांना सुटे भाग पुरवले. मी ज्या गोष्टीला मदत म्हणत होतो तिने त्या जिल्ह्यातला सुट्या भागांचा एकमेव धंदा बुडवला होता. पेट्या संपल्या, प्रकल्पाची मुदत संपत आली आणि यू-सील विकणारा कुणी उरला नाही. ते सील, गंमत म्हणजे, बनलं होतं भारतातच.

यावरून ‘फुकट देणं वाईट’ असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल. जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा यांनी केनियात मच्छरदाण्यांवर प्रयोग केला. थोडीशी किंमत लावल्यावर घेणाऱ्या गरोदर बाया एकदम घटल्या, आणि फुकट घेतलेल्यांनी मच्छरदाणी कमी वापरली असंही दिसलं नाही. म्हणजे मच्छरदाणी फुकट द्यावी. तिचा फायदा शेजारच्या घरालाही होतो, आणि ती फाटली तर नवी पाठवता येते. हापसा दर वर्षी दोन-चार भाग मागतो, वीस वर्षं मागत राहतो. त्याला पाठवणी पुरत नाही, दुकान लागतं. कुठल्या वस्तूला काय लागतं हे वस्तूगणिक बदलतं. म्हणून मदतीबद्दल सरसकट बोलणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहतो, मग ते बाजूने बोलोत की विरुद्ध.

दुसरं नुकसान माणसांचं, आणि ते अहवालात कधीच येत नाही. एका जिल्ह्याचा सरकारी पाणी अधिकारी फार कर्तबगार होता. कुठल्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं हे त्याला तोंडपाठ. आमच्या प्रकल्पाने त्याला चौपट पगारावर उचललं. त्यानंतर तो राजधानीत बसून तक्ते भरायचा आणि जिल्ह्यात त्याच्या खुर्चीवर दोन वर्षं कुणी नव्हतं. जे उरले ते कार्यशाळांना जायचे, कारण सरकारी पगारापेक्षा कार्यशाळेचा भत्ता बरा. तळ्याकाठच्या हॉटेलात तीन दिवस ‘क्षमतावृद्धी’. मीही अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. जेवण उत्तम असायचं.

मग मलावीचं उत्पन्न का वाढलं नाही? मदतीमुळेच, असं मी म्हणणार नाही. समुद्र नाही, माल बंदरापर्यंत न्यायचा तर मोझांबिक किंवा टांझानिया ओलांडायचं. निर्यातीत निम्म्याच्या आसपास एकटी तंबाखू. वीज बहुतेक एका शिरे नदीवर. 2022 च्या जानेवारीत वादळाने त्या नदीवरचं कापिचिरा केंद्र मोडलं तेव्हा देश अंधारात बसला. डॉलरची कायम टंचाई. 1964 मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी चाळीस लाख लोक होते, आज दोन कोटींच्या पुढे, आणि जमीन तेवढीच. शेतीचे तुकडे आपल्याकडच्या चौथ्या पिढीच्या वाटण्यांसारखे. यातलं काहीच हापशाने सुटत नाही. मदतीचा मोठा वाटा आरोग्य, पाणी आणि अन्नावर गेला, तिथे परिणाम दिसला. वीज, रस्ते, कारखाने यांच्याकडे त्या मानाने कमी गेला. ज्यावर खर्च केला ते मिळालं. त्यातून वाढही होईल ही आशा आम्ही प्रस्तावात लिहायचो, कारण लिहावी लागायची.

आणि निर्णय कुणाचा, हाही प्रश्न आहेच. 2005 मध्ये मक्याचं पीक बुडालं, देशातल्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लोकांना अन्नाची मदत लागली. सरकारने सवलतीच्या खताची कुपनं काढली. बऱ्याच देणगीदार देशांनी नाकं मुरडली, अनुदान म्हणजे पाप असा तेव्हा सूर होता. पुढच्या हंगामात मका दुपटीहून जास्त झाला. पाऊसही चांगला झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय खताला देता येत नाही. पण चूक असो वा बरोबर, तो निर्णय राजधानी लिलाँग्वेत झाला होता आणि जाब विचारायला लोकांना दार माहीत होतं. उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2013 मध्ये त्याच सरकारी तिजोरीतली लूट ‘कॅशगेट’ नावाने बाहेर आली आणि देणगीदारांनी अर्थसंकल्पाला थेट पैसा देणं थांबवलं. सरकारच्या हातात द्या म्हणणं सोपं असतं.

ज्यांचं जमलं त्यांच्याकडे बघितलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: मदत आटणार आहे हे त्यांना आधी कळलं होतं. 1950 च्या दशकात दक्षिण कोरियाची बहुतांश आयात अमेरिकी मदतीवर चालायची. दशकाच्या शेवटी ती कमी होऊ लागली आणि साठच्या दशकात त्यांनी निर्यातीचा ध्यास घेतला. त्याआधी जमीनवाटप झालं होतं, पोरं शाळेत गेली होती. 2010 पासून कोरिया देणाऱ्या देशांच्या समितीत बसतो. बोट्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा रोजचा सरकारी खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर होता. सहा-सात वर्षांत त्यांनी ते थांबवलं. हिरे सापडले हे खरं, पण हिरे झैरेतही होते.

भारताबद्दल विचारलंत. आपल्या एकूण उत्पन्नात मदतीचा वाटा कधीच फार मोठा नव्हता, त्यामुळे तिने भारत घडवला असं म्हणता येणार नाही आणि बिघडवलाही असं नाही. पण काही ठिकाणी ती नेमकी बसली. पवईची आयआयटी 1958 मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत मदतीने उभी राहिली. मेक्सिकोचं गव्हाचं बियाणं 1966 मध्ये 18,000 टन आणलं, ते आपण पैसे मोजून घेतलं, पण त्यामागचं संशोधन परदेशी देणग्यांवर वाढलेलं. त्याच वर्षांत पीएल-480 या अमेरिकी अन्न-मदत कायद्याखालच्या गव्हासाठी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं, तो अपमानही कामी आला असं मला वाटतं.

मला सर्वांत आवडतं ते दुधाचं उदाहरण. 1970 मध्ये ऑपरेशन फ्लड ही दूधवाढीची योजना सुरू झाली तेव्हा युरोपकडे दुधाची भुकटी आणि बटर ऑइल साचून पडलं होतं. पहिल्या टप्प्यासाठी त्यातलं 1,26,000 टन भुकटी आणि 42,000 टन बटर ऑइल भारताला फुकट मिळायचं ठरलं. शहरात ते स्वस्तात वाटलं असतं तर लोक खूश झाले असते आणि दोन वर्षांत खेड्यातल्या दुधाचा भाव मातीमोल झाला असता, माझ्या सलिमाच्या दुकानदारासारखा. वर्गीस कुरियन यांनी त्या भुकटीचं दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासला शेतकऱ्याचा भाव पडणार नाही अशा दराने विकलं. आलेला पैसा संकलन केंद्रं, शीतकरण आणि पशुखाद्य यांत घातला. या योजनेवर टीकाही भरपूर झाली आणि सगळीच खोटी नव्हती, कोरडवाहू भागातल्या एका गायीवाल्यापर्यंत ती उशिरा पोचली. पण फुकट आलेला माल विकत कसा द्यायचा, हा धडा तिथे मिळतो.

आणि जिथे मदत नव्हती तेही बघा. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आलेली, तिची भाकरी आई डोळे झाकून खा म्हणायची. पण घर तगलं ते तिने फोडलेल्या खडीवर. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यातून रोजगार हमी कायदा आला आणि त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या घरातल्या पगाराच्या स्लिपवर ती कपात अजून दिसेल. गावच्या कामाचा खर्च राज्याच्या करातून निघत होता, म्हणून काम नसलं की लोक तहसीलवर मोर्चा नेत. मलावीतल्या बाईंनी मोर्चा कुठे न्यायचा होता? जिनिव्हाला?

यूएसएडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 20 जानेवारी 2025 ला मदत गोठवली आणि 1 जुलैला संस्था संपली. मदत कमी करण्याच्या मी विरोधात नाही, पाच-सात वर्षांचा उतार आधी सांगून करा. मलावीत दहा लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगतात. त्यांच्या गोळ्या एका आदेशाने अचानक अडवल्या तर त्यातून कुणी स्वावलंबी होत नाही, विषाणू वाढतो एवढंच. बोट्सवाना आणि कोरियाला आटणाऱ्या मदतीने शहाणं केलं म्हणतो तेव्हा त्यांना वर्षं मिळाली होती हे विसरू नका.

राहिला तिसरा प्रश्न. भारत देतोच आहे. 1964 पासून आयटेक या भारत सरकारच्या योजनेखाली परदेशातून प्रशिक्षणाला माणसं येतात, एक्झिम बँकेमार्फत कर्जं जातात. सलिमाचाच साखर कारखाना भारताच्या कर्जातून उभा राहिला. मला त्यातलं प्रशिक्षण जास्त पटतं. कर्जं मात्र बहुतेकदा आपल्याच कंपन्यांकडून माल घ्यायच्या अटीवर असतात. पूर्वी आपल्याला असंच बांधलं की आपण बोंब मारायचो.

प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर आफ्रिकेत जायची गरज नाही. एखाद्या पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीची नोंदवही मागा. कुठला हापसा कधी बंद पडला, किती दिवसांनी सुरू झाला, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून पडला, सगळं त्यात असतं. फक्त मार्च ते मे सोडून जा. तेव्हा तिथे टँकरच्या फायलींतून कुणाला मान वर करायला फुरसत नसते.